आधी गादी, मग घोडा

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ठाण्यातल्या एखाद्या शाळेचे वेळापत्रक हातात घ्यावे आणि तिच्या मैदानात जाऊन उभे राहावे. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचे तास नीट छापलेले असतात आणि मैदानात घोटाभर पाणी साचलेले असते. नौपाडा, चरई, कोपरी अशा जुन्या वस्तीतल्या कित्येक शाळांना तर मैदान म्हणावे असे काही नसतेच. दोन इमारतींमधला फरशीचा पट्टा असतो आणि त्यावर शिक्षकांच्या दुचाकी उभ्या असतात. मग पीटीचा तास गणिताच्या बाई मागून घेतात, नाहीतर मुले वर्गातच गप्पा मारत तो घालवतात. सप्टेंबर सरेपर्यंत हेच चालते. कोरडवाहू शेती पाऊस न आल्याने बुडते. आपले शारीरिक शिक्षण पाऊस आल्याने बुडते, आणि त्याची खंत कोणत्याही बैठकीच्या इतिवृत्तात क्वचितच उमटते.

छपराखाली, चार भिंतींच्या आत, एका रिकाम्या वर्गाएवढ्या जागेत शिकवता येईल असा शरीराचा अभ्यासक्रम उपलब्ध असताना ही अवस्था टिकून आहे. तो अभ्यासक्रम म्हणजे जिम्नॅस्टिक्स. पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलामुलीला तो मिळावा, निवडक चपळ मुलांच्या स्पर्धेसाठी नव्हे तर वाचन-लेखनाइतकाच मूलभूत म्हणून मिळावा, असे माझे मत आहे. आणि त्याला जोडूनच दुसरे मत असे की, यासाठी शाळांनी आणि महापालिकांनी खर्च करावयाचा पैसा आधी गाद्यांवर, त्यांच्या निगेवर आणि शिक्षकाच्या प्रशिक्षणावर जावा. दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या उंच उपकरणांची पाळी त्यानंतर यावी. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा असतो, आणि मुळात जिम्नॅस्टिक्स शाळांत रुजले नाही याचे मोठे कारण मला या उलट्या क्रमात दिसते.

प्रथम शब्दाचा एक घोळ दूर करायला हवा. पालकसभेत जिम्नॅस्टिक्सचा विषय काढला की कोणीतरी हमखास विचारते, ‘इतक्या लहान वयात वजने उचलली तर उंची खुंटणार नाही ना?’ त्यात त्या पालकांचा दोष नाही. एकाच ग्रीक शब्दाने जर्मनीत जाऊन ‘गिम्नाझियम’ म्हणजे माध्यमिक शाळा असा अर्थ घेतला, इंग्रजीत व्यायामाचे बंदिस्त सभागृह असा घेतला, आणि आपल्याकडे घोडबंदर रस्त्यावरच्या काचेच्या भिंतीआडची वजने आणि पळण्याचे पट्टे असा घेतला. शाळेतल्या जिम्नॅस्टिक्सचा या तिसऱ्या अर्थाशी काहीही संबंध नाही. तिथे उचलायचे वजन एकच, स्वतःचे.

ते वजन हातांवर पेलणे, पाठीवरून गोलाकार लोळणे, दांडीला लटकणे, अरुंद जागी तोल सांभाळणे, उडी मारून गुडघे मऊ ठेवून उतरणे आणि डोके खाली, पाय वर अशा स्थितीत न घाबरता भान राखणे, एवढ्यात शालेय जिम्नॅस्टिक्सचे मर्म येते. यातले बरेचसे एके काळी मुले झाडावर, गढीच्या भिंतीवर आणि विहिरीच्या काठावर आपोआप शिकत असत. आज ठाण्यातल्या गृहसंकुलाच्या बागेत ‘झाडावर चढू नये’ अशी पाटी असते आणि घसरगुंडीखाली रबरी फरशी असते. ती चढण्या-उतरण्याची शाळा बंद पडली आहे, तिची जागा दुसऱ्या कशाने तरी भरून काढणे भाग आहे. क्रिकेट, फुटबॉल, कबड्डी हे खेळ ती जागा भरत नाहीत. त्यांच्यात पळणे भरपूर आहे. उलटे होणे, लटकणे आणि हातांवर भार घेणे जवळजवळ नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणारे व्यायामही करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. टर्फवर तासाच्या भाड्याने क्रिकेट खेळणाऱ्या मुलाच्या बाबतीतही या वाक्याचा उत्तरार्ध बहुधा रिकामाच राहतो.

‘आमच्याकडे सूर्यनमस्कार आहेत, योगासने आहेत, मग हे आणखी कशाला?’ असा आक्षेप येतो. सूर्यनमस्कार ही फार चांगली गोष्ट आहे आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. पण सूर्यनमस्कार पडायला शिकवत नाहीत. हा मुद्दा किरकोळ वाटेल, म्हणून थोडे थांबतो. लहान मुलांच्या हाडांच्या दुखापतींत मनगटाजवळचा अस्थिभंग सर्वांत जास्त आढळतो, आणि त्याचे नेहमीचे कारण म्हणजे तोल गेल्यावर हात ताठ पुढे टाकून त्यावर पडणे. घसरलेला माणूस विचार करून हात पुढे टाकत नाही. शरीर आपोआप तसे करते. ती सवय बदलायची तर हनुवटी छातीशी घेऊन, खांद्यावरून, पाठ गोल करून लोळण्याची दुसरी सवय शेकडो वेळा गिरवून अंगी बाणवावी लागते. कोलांटी म्हणजे हीच गिरवणी. जिम्नॅस्टिक्समध्ये मूल पडेल म्हणून शाळा ते टाळतात, आणि पडावे कसे हे मूल कुठेच शिकत नाही. पावसाळ्यात शेवाळलेल्या जिन्यावरून उतरताना त्याला ते कोण शिकवणार आहे?

आता साहित्याकडे येऊ. साहित्य म्हटले की शाळेच्या समितीला प्रथम घोडा (उडी मारण्याचे किंवा हात टेकून फिरण्याचे उंच उपकरण) आठवतो, मग डबलबार, मग रिंग्ज. याला इतिहास आहे. जर्मन व्यायामशिक्षक फ्रीडरिख लुडविग यान यांनी १८११ साली बर्लिनबाहेर हासेनहाइडे येथे उघड्यावर व्यायामाचे मैदान उभारले, आणि आडवी दांडी, समांतर दांड्या यांसारखी उपकरणे त्यांच्या त्या चळवळीबरोबर युरोपभर पसरली. त्याच सुमारास, १८१३ साली, स्टॉकहोममध्ये स्थापन झालेल्या संस्थेतून स्वीडिश पद्धत पुढे आली; तिचा भर शरीराच्या पद्धतशीर हालचालींवर होता आणि तिचे साहित्य म्हणजे भिंतीला जडवलेल्या लाकडी शिड्या, लांब बाक आणि चढायचे दोर. जर्मन वाटेने ऑलिंपिक गाठले. स्वीडिश वाट शाळांकडे गेली आणि युरोपातल्या अनेक देशांत शाळेच्या व्यायामगृहात भिंतीवरच्या त्या शिड्या अजून दिसतात. आपण शाळेसाठी खरेदी करताना मात्र स्पर्धेच्या वाटेवरचे साहित्य घेतो. माझ्या माहितीतल्या एका शाळेत डबलबार व्हरांड्याच्या टोकाला वर्षानुवर्षे उभा होता. पावसाळ्यात मुले त्यावर रेनकोट वाळत घालत, आणि निदान त्या कामासाठी तो निर्विवाद उपयुक्त होता.

याउलट गादी, म्हणजे आजच्या भाषेत मॅट, ही दुय्यम वस्तू समजली जाते आणि खरेदीच्या यादीत सर्वांत खाली लिहिली जाते. वस्तुतः शालेय जिम्नॅस्टिक्सचा बहुतांश अभ्यास तिच्यावरच होतो. म्हणून तिच्याविषयी जरा विस्ताराने लिहितो.

पूर्वी आपल्याकडे काथ्या भरलेल्या जाड गाद्या असत. त्या जड होत्या, झटकल्या की वर्गभर धूळ उडे, आणि ओल धरली की पावसाळाभर त्यांना कुबट वास येई. पण त्या बसत नसत, म्हणजे दबून फरशीशी एकरूप होत नसत. आता फोमच्या गाद्या आल्या आहेत. त्यांच्यात दोन गोष्टी पाहाव्या लागतात, जाडी आणि घनता, आणि निविदेत बहुतेक वेळा जाडीच लिहिलेली असते. हलक्या फोमची चार इंची गादी दुकानात गुबगुबीत दिसते. सहा महिन्यांनी चाळीस किलोचा मुलगा तिच्यावर उडी मारतो तेव्हा त्याच्या टाचा थेट फरशीला लागतात. घट्ट फोमची दोन इंची गादी त्यापेक्षा लोळण्यासाठी कितीतरी चांगली. आणखी एक गैरसमज असा की जितकी मऊ तितकी सुरक्षित. फार मऊ गादीत पाऊल रुतते, घोटा वळतो, आणि कोलांटी घेताना डोके आत गेले तर मान अडकते. पाठीवर पडायचा सराव करायला जाड मऊ गादी लागते, पायांवर उतरायला घट्ट गादी लागते; आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरण्याच्या जागी २० सेंटिमीटर जाडीची गादी असते ती मऊपणाची नव्हे, धक्का शोषण्याची हमी देते. दोन गाद्या शेजारी लावल्या की मधली फट हा तिसरा धोका. त्या फटीत बोट किंवा पाऊल अडकून होणारी दुखापत गादीच्या किमतीत दहा-वीस टक्के वाचवल्याने झालेली असते, कारण कडेला चिकटपट्टी असलेली गादी थोडी महाग पडते.

ठाणे आणि नवी मुंबई ही खाडीकाठची शहरे आहेत, हे खरेदी करणारे विसरतात. दमट हवेत रेक्झिनचे आवरण तडकते, चेनला गंज चढतो, आत बुरशी धरते. गादी जमिनीवर एकावर एक रचून ठेवली की सर्वांत खालची पहिल्याच पावसाळ्यात संपते. तिला भिंतीवरचे आडवे खुंट किंवा चाकांची गाडी हवी, महिन्यातून दोनदा ऊन आणि रोज कोरडे फडके हवे. लोखंडी उपकरणांची तर बातच नको. यावरचा खर्च फार नसतो, पण तो दरवर्षी असतो, आणि इथेच आपली व्यवस्था अडखळते. साहित्य खरेदी भांडवली खर्चात बसते. डागडुजीला शीर्षक नसते. शिवाय फाटलेली गादी टाकून द्यायची तर जडवस्तू संग्रह नोंदवहीतून तिचे निर्लेखन करावे लागते, त्यासाठी मंजुरी लागते, मंजुरीसाठी प्रस्ताव लागतो, आणि ‘चांगली वस्तू का टाकली’ या लेखापरीक्षणातल्या प्रश्नाच्या भीतीने मुख्याध्यापक तो प्रस्ताव पाठवत नाहीत. परिणामी कागदावर शाळेकडे बारा गाद्या असतात, कोठीत त्या बाराही असतात, आणि वापरण्याजोगी एकही नसते. बारा असल्यामुळे नवी मिळत नाही!

मोजमापाच्या काळजीविषयी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये महिलांच्या सर्व उपकरणांवरील एकत्रित स्पर्धेच्या अंतिम फेरीत उडीचा घोडा १२५ ऐवजी १२० सेंटिमीटर उंचीवर लावला गेला. जगातल्या सर्वोत्तम खेळाडू एकामागून एक पडत राहिल्या, आणि अखेर ऑस्ट्रेलियाच्या अलाना स्लेटर हिने उंची चुकल्याचे लक्षात आणून दिले. पाच सेंटिमीटर म्हणजे चार बोटांहून कमी. जिथे पंच होते, तंत्रज्ञ होते, कॅमेरे होते, तिथे ही चूक सुटली. मग आपल्या शाळेत सोळा वर्षांपूर्वी बसवलेल्या सिंगलबारचे बोल्ट कोण तपासते, तारांचा ताण कोण पाहते? बहुतेक ठिकाणी या प्रश्नाला नाव असलेले उत्तर नाही. जोपर्यंत असे उत्तर मिळत नाही तोपर्यंत शाळेने डोक्याच्या उंचीवरचे कोणतेही उपकरण घेऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन. ही जिम्नॅस्टिक्सविरोधी भूमिका वाटेल. प्रत्यक्षात एका अपघाताने दहा शाळांतला हा विषय बंद पडतो, म्हणून ती जिम्नॅस्टिक्सच्या बाजूची आहे.

दीपा कर्माकर हिची कथा आपण सारे अभिमानाने सांगतो. रिओ ऑलिंपिकमध्ये, २०१६ साली, व्हॉल्टच्या, म्हणजे उपकरणावरून उडी घेण्याच्या प्रकाराच्या, अंतिम फेरीत तिला १५.०६६ गुण मिळाले आणि ०.१५० गुणांनी तिचे कांस्यपदक हुकले. आगरताळ्यात लहानपणी तिने जुन्या स्कूटरच्या सुट्या भागांपासून बनवलेल्या साहित्यावर सराव केला, ही गोष्ट त्याबरोबर आवर्जून येते. या गोष्टीतून ‘साहित्य नसले तरी चालते’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांचे मला नवल वाटते. तिच्याबरोबर त्याच साहित्यावर सराव करून मनगट किंवा गुडघा गमावलेल्या मुलींची गोष्ट कोणी लिहिली नाही, कारण त्या रिओला गेल्या नाहीत. जुगाडाला माझा सरसकट विरोध नाही. शाळेतला लांब बाक उलटा केला की त्याच्या खालच्या पट्टीवर तोलाचा उत्तम सराव होतो. खडूने आखलेली १० सेंटिमीटर रुंदीची रेघ म्हणजे जमिनीवरचा बॅलन्स बीमच, स्पर्धेतल्या बीमची रुंदीही तेवढीच असते. भिंतीचा आधार घेऊन हातांवर उभे राहायला भिंतीखेरीज काही लागत नाही. पण जुगाड जमिनीलगत चालतो. उंची वाढली की तो थांबला पाहिजे, आणि तिथून पुढे प्रमाणित साहित्यच हवे.

उंचीचा विषय निघाला की ठाण्यात दहीहंडी आठवणे अपरिहार्य आहे. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ साली नऊ थर लावून ४३ फुटांहून अधिक उंचीचा विश्वविक्रम केला तो याच शहरात. मानवी मनोरा हा शंभर टक्के जिम्नॅस्टिक्सचा प्रकार आहे: खालच्या थरात खांद्यांची बांधणी, मधल्या थरात तोल, वरच्या थरात चढाई, आणि शेवटी कोसळणे. राज्य सरकारने २०२२ साली दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. त्याआधी २०१७ साली चौदा वर्षांखालील मुलांना थरांत घेतले जाणार नाही, अशी हमी सरकारने मुंबई उच्च न्यायालयात दिली होती. हमी योग्यच आहे. पण किसननगर, लोकमान्यनगर, कळवा इथल्या चाळींतून पथकात जाणारा पंधरा वर्षांचा मुलगा त्याआधीची दहा वर्षे शाळेत होता, आणि त्या दहा वर्षांत त्याला गादीवर साधी मागची कोलांटी कोणी शिकवली नाही. त्याच्यासाठी वर्षातून एक दिवस दोर, हार्नेस आणि गाद्या येतात. उरलेले दिवस त्याच्या शाळेत काहीच नसते. दहीहंडीवर बंदी की परवानगी यावर आपण वर्षानुवर्षे न्यायालयात भांडलो. पडायला शिकवण्यावर कधीच भांडलो नाही.

पैशाचे काय, हा प्रश्न रास्त आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना क्रीडासाहित्यासाठी वर्षाला प्राथमिक स्तरावर ५,००० रुपये, उच्च प्राथमिक स्तरावर १०,००० रुपयांपर्यंत आणि माध्यमिक-उच्च माध्यमिक स्तरावर २५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतही प्रत्येक वर्गाला गरजेनुसार खेळाचे साहित्य द्यावे, असे लिहिले आहे. पाच हजारांत काय येते? चेंडू, रिंगा, दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या आणि फार तर एखादी-दुसरी गादी. म्हणजे ही रक्कम अपुरी आहे, यात वाद नाही. पण उपकरणांचा संपूर्ण ऑलिंपिक संच प्रत्येक शाळेला हवा, ही मागणी तिच्याहून जास्त निरर्थक आहे. माझ्या मते शहरासाठी दोन पायऱ्यांची रचना पुरेशी आहे. प्रत्येक शाळेत आठ-दहा चांगल्या गाद्या, दोन बाक, एकावर एक चढवता येणाऱ्या खणांची एक उडीची पेटी आणि भिंतीच्या शिड्यांची एक जोडी असावी. घोडा, बार, रिंग्ज, स्प्रिंगबोर्ड आणि उतरण्याच्या जाड गाद्या एका केंद्रशाळेत, किंवा महापालिकेच्या क्रीडासंकुलात असाव्यात आणि आसपासच्या शाळांतील मुले ठरलेल्या दिवशी तिथे यावीत. मेरठ आणि जालंधरचे कारखाने शाळेच्या दर्जाचे साहित्य बनवतात. आयात संचाची गरज राज्य पातळीच्या केंद्रांना आहे.

इथे खासगी अकादमींचा विचार करावा लागतो. ठाण्यात जिम्नॅस्टिक्स अजिबात नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ठाण्याच्या संयुक्ता काळे हिने लयबद्ध जिम्नॅस्टिक्समध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धांत महाराष्ट्राला सुवर्णपदके मिळवून दिली, आणि तसे खेळाडू काही हवेतून येत नाहीत. इथे जाणते प्रशिक्षक आहेत, वर्ग आहेत, संध्याकाळी गाड्यांतून मुलींना सोडायला येणारे पालक आहेत. मात्र हा सारा व्यवहार शुल्क भरू शकणाऱ्यांचा आहे, आणि त्या वर्गांतले साहित्य सकाळी आठ ते दुपारी तीन रिकामे पडलेले असते. जिथे महापालिकेची किंवा सिडकोची जागा अशा वर्गासाठी भाड्याने दिलेली आहे, तिथे करारात सकाळचे काही तास पालिका शाळांसाठी राखून ठेवण्याची अट घालणे अवघड नाही. नवी मुंबईत हे अधिक सहज व्हावे. तिथल्या आखीव नोडमध्ये, म्हणजे नियोजित वसाहतीत, शाळा, मैदान आणि सभागृह एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि सिडकोने शैक्षणिक संस्थांना भूखंड दिले तेव्हा सार्वजनिक हित हाच त्यामागचा आधार होता.

मल्लखांबाचा उल्लेख केल्याशिवाय महाराष्ट्रात हा लेख पुरा होत नाही, आणि तो कसा करावा याविषयी मी थोडा साशंक असतो. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला घडवले, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली, २०१९ साली शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली, आणि २०२४ साली मल्लखांब प्रशिक्षक उदय देशपांडे यांना पद्मश्री मिळाली. हा वारसा खरा आहे. पण ‘आपल्याकडे मल्लखांब असताना परदेशी जिम्नॅस्टिक्स कशाला’ हा युक्तिवाद मला पटत नाही. पुरलेल्या मल्लखांबावरून उतरणाऱ्या मुलालाही खाली गादीच लागते, आणि पूर्वी तिच्या जागी भुसभुशीत मातीचा हौदा असे. पकड, लटकणे, पायांनी घट्ट धरणे, उलटे होणे हे मल्लखांब ज्या ताकदीने शिकवतो तसे दुसरे काहीच शिकवत नाही; जमिनीवरच्या हालचालींची, लोळण्याची आणि उतरण्याची तयारी मात्र गादीवरच होते. दोन्ही एकाच अभ्यासक्रमाचे भाग आहेत. त्यातही शहरातल्या शाळेला दोरीचा मल्लखांब विशेष सोयीचा: सभागृहाच्या तुळईत पक्का बसवलेला हूक, सुती दोर, आणि खाली गादी. दोर गुंडाळून ठेवला की सभागृह पुन्हा बालदिनाच्या भाषणांना मोकळे. सागवानी खांब, एरंडेल आणि राळ हा पुढचा टप्पा.

शिक्षकाचा प्रश्न साहित्याहून कठीण आहे. आधार देणे ही जिम्नॅस्टिक्स शिकवण्यातली मुख्य विद्या. मुलाच्या मांडीला आणि खांद्याला कुठे, कोणत्या क्षणी हात लावायचा आणि कधी काढून घ्यायचा, हे पुस्तकातून येत नाही. बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, झालेल्या शिक्षकालाही ते दर दोन-तीन वर्षांनी उजळावे लागते, आणि प्राथमिक शाळांत तर असा शिक्षक बहुधा नसतोच. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तेव्हाच अंशकालीन निदेशकाची, म्हणजे अर्धवेळ शिक्षकाची, तरतूद केली आहे. शिवाय आधार देणे म्हणजे स्पर्श, आणि या बाबतीत डोळे मिटून चालणार नाही. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरने शेकडो मुलींचे शोषण केल्याचे उघड होऊन २०१८ साली त्याला उरलेले आयुष्य तुरुंगातच जाईल इतक्या दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या, त्या प्रकरणाने जगभरच्या प्रशिक्षकांना हादरवले. आपल्याकडे मुलींसाठी स्त्री-प्रशिक्षक, दार उघडे असलेले सभागृह, आधार देण्यापूर्वी सांगण्याची रीत, आणि पीटीच्या दिवशी झग्याऐवजी ट्रॅक पँट, इतके नियम तरी लेखी असावेत. यातला शेवटचा नियम क्षुल्लक वाटेल; सातवीतल्या कित्येक मुली केवळ गणवेशामुळे कोलांटीच्या रांगेत मागे मागे सरकतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला तो क्षुल्लक वाटणार नाही.

उच्च स्पर्धेतल्या जिम्नॅस्टिक्सने बालपण हिरावले जाते, हा आक्षेप मी नाकारत नाही. १९९७ पासून महिलांच्या वरिष्ठ स्पर्धेचे किमान वय सोळा केले गेले ते उगाच नाही. पण आठवड्यातून दोन तास गादीवर लोळणाऱ्या तिसरीतल्या मुलाचा त्या जगाशी तेवढाच संबंध आहे, जेवढा पाढे म्हणणाऱ्या मुलाचा गणिताच्या ऑलिंपियाडशी. म्हणूनच या विषयाला गुण, पदक आणि निवड यांपासून आठवीपर्यंत दूर ठेवावे. आज एखादी शाळा जिम्नॅस्टिक्स सुरू करते ती दहावीच्या क्रीडागुणांसाठी आणि जिल्हास्तराच्या ढालीसाठी. चार चपळ मुले निवडली जातात, उरलेली छत्तीस टाळ्या वाजवतात. ज्या जाड, घाबरट किंवा सुस्त मुलाला याची सर्वांत जास्त गरज आहे तो टाळ्या वाजवणाऱ्यांत असतो.

हे सारे बदलायला नवा कायदा लागत नाही. खरेदीच्या निविदेत गादीची घनता लिहावी लागेल, डागडुजीसाठी दरवर्षीचे छोटे शीर्षक उघडावे लागेल, आणि निर्लेखनाचा अधिकार काही रकमेपर्यंत मुख्याध्यापकांना द्यावा लागेल. अडचण एवढीच की उद्घाटनाचे छायाचित्र घोड्याचे निघते, गादीचे निघत नाही.

तपासणीची रीतही बदलावी लागेल. शाळा पाहायला येणारा अधिकारी आज नोंदवहीतल्या वस्तू मोजतो. त्याऐवजी त्याने जूनमध्ये कोठी उघडायला लावावी, वरची नव्हे तर खालची गादी ओढून काढावी, ती फरशीवर पसरावी आणि तिच्यावर आपला गुडघा टेकवून भार द्यावा. गुडघ्याला खालची फरशी लागली तर ती गादी त्याच दिवशी नोंदवहीतून कमी करण्याचा शेरा लिहावा, आणि नवी येईपर्यंत त्या शाळेत उडी मारून उतरण्याचा कोणताही प्रकार शिकवला जाणार नाही, हेही त्याच शेऱ्यात लिहावे.